घुगऱ्यांना सॅलड म्हणतात!

सण आणि डाएट एकाच आठवड्यात आले की माझा कौल कायम सणाच्या बाजूनं असतो. डाएट काय, पुढच्या सोमवारी परत सुरू करता येतं. चैत्राचं मात्र तसं नाही. तो वर्षातून एकदाच येतो आणि येताना पुण्यात चाळीस डिग्रीचं ऊन घेऊन येतो.

तर झालं असं, की गेल्या वर्षी आमच्या घरातल्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची जबाबदारी पहिल्यांदाच माझ्यावर आली. एरवी हे खातं माझ्या सासूबाईंचं. त्यांना मी ‘अहो आई’ म्हणते. माझी ती ‘अगं आई’ आणि नवऱ्याची ती ‘अहो आई’. सोपी सिस्टीम आहे, दोघी एकाच घरात असल्या तरी कन्फ्यूजन होत नाही. अहो आई गेली पस्तीस वर्षं सदाशिव पेठेतल्या घरी चैत्रगौर बसवतायत. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर पितळी झोपाळ्यात बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. महिनाभराचं माहेरपणच म्हणा ना. या महिन्यात एका संध्याकाळी बायकांना बोलवायचं. हळदीकुंकू लावायचं, हातावर चंदनाचा लेप देऊन शिंपल्यानं त्यावर रेघा ओढायच्या, गुलाबपाणी शिंपडायचं, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरायची. आणि खायला आंब्याची डाळ आणि पन्हं. उन्हानं शिणून आलेल्या माणसाला गार करण्याचा इतका पद्धतशीर कार्यक्रम कुठल्या स्पामध्येही मिळणार नाही.

पण फेब्रुवारीत अहो आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी जाहीर करून टाकलं, “यंदा गौर तुझ्याकडे.”

मी हिंजवडीला नोकरी करते. संध्याकाळी साडेआठला कोथरूडच्या घरी पोचले तर ट्रॅफिकनं कृपा केली असं समजते. मी तीस बायकांना संध्याकाळी हळदीकुंकू देणार कधी? घाबरत घाबरत विचारलं, “अहो आई, संध्याकाळच्या ऐवजी रविवारी दुपारी जेवायलाच बोलावलं तर?” मला वाटलं, आता एक लेक्चर. पण त्या म्हणाल्या, “बोलाव की. वार बदल, वेळ बदल, मेन्यू बदल. गौरीला सगळं चालतं. माहेरी आलीये ती, नखरे करायला नाही.”

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

क्विनोआ नावाचं राळं

मेन्यू ठरवायला मी लॅपटॉप उघडला. प्रोजेक्ट प्लॅन करतात तशी एक्सेल शीट केली. पुरणपोळी आधीच बाद. चाळीस डिग्रीत पुरणपोळी आणि कटाची आमटी खाल्ली की पाहुण्या हॉलमध्येच आडव्या होतात. आंब्याची डाळ, पन्हं आणि श्रीखंड फिक्स. पण जेवायला बोलवायचं तर पोटभरीचं काहीतरी हवं. पोटभरीचं, गार खाता येईल असं, आदल्या दिवशी निम्मं करून ठेवता येईल असं आणि सव्वीस जणींना पुरेल असं. माझ्यासारख्या ऑफिसात डेस्कवर डबा खाणाऱ्या मुलीला याचं एकच उत्तर सुचतं. सॅलड. काकडी-टोमॅटोच्या चकत्या नव्हेत, तर धान्य असलेलं, एका बोलमध्ये जेवण उरकणारं सॅलड.

मॉलमधून क्विनोआ आणला. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातून आलेलं हे बी शिजवलं, वर बाटलीतलं इटालियन ड्रेसिंग ओतलं आणि पहिली ट्रायल घरच्यांसमोर ठेवली. नवऱ्यानं दोन चमचे खाल्ले आणि “छान आहे, जेवायला काय आहे?” असं विचारलं. आईनं (म्हणजे माझ्या आईनं) चिमूटभर तोंडात टाकून बराच वेळ विचार केला.

“राळं हाय का गं हे?”

“नाही आई, क्विनोआ.”

“बरं. राळ्यासारखंच लागायलंय. पण त्याला फोडणी का नाही?”

इथं आईबद्दल सांगायला हवं. माझं माहेर सोलापूरचं. त्याआधीच्या जुलैत बाबा गेले. दिवाळीनंतर आई माझ्याकडे राहायला आली. येताना दोन बॅगा आणल्या आणि ज्वारीचं एक पोतं. मंगळवेढ्याची मालदांडी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, हे मला पेपरमधून कळलं. आईला ते मानांकन बाबांनी लग्नानंतर पहिल्याच वर्षी दिलं होतं. दरवर्षी रब्बीची ज्वारी निघाली की बाबा स्वतः जाऊन पोतं आणायचे, मूठभर दाणे तळहातावर घेऊन खिडकीच्या उजेडात बघायचे आणि “मोती आहेत मोती” म्हणायचे. हे त्यांनी आणलेलं शेवटचं पोतं. आमच्या टू बीएचकेच्या ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी ते उभं होतं. आई रोज त्यातली ज्वारी दळायला काढायची, पण मापानं. पोतं संपू नये असं तिला वाटायचं की काय कोण जाणे. मी कधी विचारलं नाही.

क्विनोआचा निकाल लागल्यावर आई म्हणाली, “घरात एवढी ज्वारी असताना ते परदेशी राळं कशाला?”

खरं तर हे मलाच सुचायला हवं होतं. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ‘मिलेट मंडे’ होता. तिथं ज्वारीचं सॅलड मी पैसे देऊन खाल्लं होतं आणि आईला फोनवर कौतुकानं सांगितलंही होतं. तिनं विचारलं होतं, “भाकरी मिळत नाही का तिथं?”

तीन शिट्ट्यांची गोष्ट

दुसरी ट्रायल ज्वारीची. मी दोन तास भिजवली, कुकरला तीन शिट्ट्या दिल्या आणि डब्यात भरून ऑफिसला नेली. शेजारच्या क्युबिकलमधली मैत्रीण दहा मिनिटं चावत होती. मग म्हणाली, “टेस्ट सही आहे गं. फक्त लंच अवर वाढवून घ्यावा लागेल.”

संध्याकाळी आईला सांगितलं तर ती इतकी हसली, की बऱ्याच महिन्यांनी तिला असं हसताना बघितलं. “दोन तास? अगं, आख्खी ज्वारी हाय ती, मुगाची डाळ नव्हे. रातभर भिजू दे तिला.”

मग शनिवारी तिसरी ट्रायल झाली, ती आईच्या हाताखाली. ज्वारी निवडून तीन-चार पाण्यांनी धुतली आणि शुक्रवारी रात्रीच भिजत घातली. सकाळी ते पाणी फेकलं. कुकरमध्ये ज्वारीच्या तिप्पट पाणी आणि थोडं मीठ. पहिली शिट्टी मोठ्या आचेवर आणि मग गॅस बारीक करून चांगला अर्धा तास. “शिट्ट्या मोजू नको, घड्याळ बघ,” आई म्हणाली. वाफ आपोआप जिरू दिली. झाकण काढलं तर दाणा टपोरा फुगलेला, पण फुटलेला नाही. दाताखाली घेतला की आधी जरा अडतो आणि मग मऊ होतो. तांदूळ एवढा वेळ शिजवला असता तर त्याची पेज झाली असती. ज्वारी मात्र आपला आकार सोडत नाही. शिवाय ती सावकाश पचते, तिच्यात ग्लुटेन नसतं आणि १०० ग्रॅम कच्च्या ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं असतात. सोबत हरभरे घातले की प्रथिनांचा हिशोब आणखी चांगला जमतो. हे सगळं मी आईला उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, “म्हणूनच तर उन्हाळ्यात ताक-कण्या द्यायची तुला. तू नाक मुरडायचीस.”

शिजलेली ज्वारी चाळणीत निथळून आईनं परातीत पसरली आणि कोमट असतानाच तिला मीठ आणि लिंबू लावलं. “गार झाल्यावर लावलं तर वरवर राहतं, आत जात नाही.” हा फंडा मला कुठल्याही फूड शोमध्ये मिळाला नव्हता.

आता ड्रेसिंग. मी बाटलीकडे हात नेला. आईनं बाटली उचलून फ्रीजमध्ये ठेवली आणि ओट्यावर कैरी ठेवली. “आंब्याची डाळ करणारच हाईस ना? मग तीच थोडी वळवून घे. डाळीच्या जागी ज्वारी.”

आणि माझी ट्यूब पेटली. आंब्याच्या डाळीत काय असतं? भिजवून भरड वाटलेली कच्ची हरभऱ्याची डाळ, किसलेली कैरी, ओलं खोबरं, कोथिंबीर आणि वरून हिंग, मोहरी, हळद, सुक्या मिरचीची फोडणी. म्हणजे धान्य, आंबट, कुरकुरीत, हिरवं आणि वरून चव दिलेलं तेल. ज्याला मी सॅलड म्हणत होते ते चैत्रगौरीपुढे पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेलं होतं. फक्त कुणी त्याला बोलमध्ये वाढून फोटो काढला नव्हता.

कैरी किसली, फोडणी करून पूर्ण गार होऊ दिली. गरम फोडणी घातली तर कोथिंबीर काळी पडते आणि कैरीचा ताजेपणा जातो. उकडलेले हरभरे, काकडीच्या बारीक फोडी, दाण्याचं जाडसर कूट, ओलं खोबरं, डाळिंबाचे दाणे. कांदा नाही, कारण आधी गौरीला नैवेद्य. काकडी अगदी शेवटी, नाहीतर मिठानं पाणी सुटतं आणि सॅलडची आमटी होते. नवऱ्यानं चव घेतली आणि जेवायला काय आहे हे विचारलं नाही. ताट भरून घेतलं आणि परत मागितलं.

आई बाजूला उभी राहून बघत होती. मग पदराला हात पुसत म्हणाली, “झकास झालंय. त्या दिवशी माझ्यासाठी एक वाटी काढून ठेव. रात्री आले की खाईन.”

“कुठून आले की?”

“चिंचवडला जाऊन येते म्हणते मावशीकडं. सकाळी लवकर निघते, रात्री जेवायला परत. तुमचंही मोकळेपणानं होईल.”

मी “बरं” म्हणाले. विश्वास ठेवा, मी चक्क “बरं” म्हणाले आणि मोबाइलवर आलेला मेल बघायला लागले.

एक वाटी

रात्री झोप येईना. डोक्यात ती वाटी फिरत होती.

आमच्या सोलापूरच्या वाड्यात समोरच्या खोलीत एक काकू राहायच्या. त्यांचे मिस्टर लवकर गेले होते. चैत्रात आई हळदीकुंकू करायची तेव्हा वाड्यातल्या सगळ्या बायका यायच्या, त्या काकू यायच्या नाहीत. मग दुसऱ्या दिवशी सकाळी आई मला आंब्याच्या डाळीची एक वाटी द्यायची, वर ताटली झाकलेली. मी ती सांभाळत घेऊन जायचे. काकू दारातच वाटी घ्यायच्या, घासूनपुसून संध्याकाळी परत द्यायच्या आणि रिकामी द्यायची नाही म्हणून आत चमचाभर साखर घालायच्या. मला ती साखर आवडायची. काकू का येत नाहीत हे मी कधी विचारलं नाही. लहान होते म्हणा, पण आईसुद्धा कधी बोलली नाही. ती वाईट होती म्हणून नव्हे. पद्धत होती म्हणून. वाटी पाठवली की झालं.

आणि आता माझी आई स्वतःच मला सांगत होती, माझी वाटी काढून ठेव.

मी उठले, लॅपटॉप उघडला आणि माझी ती एक्सेल शीट बघितली. पाहुण्यांची यादी अहो आईंनी सांगितलेली, पण टाइप मी केलेली. सव्वीस नावं. त्याखाली पेपर नॅपकिन, डिस्पोजेबल चमचे, बर्फ, फुलं. पेपर नॅपकिनला शीटमध्ये ओळ होती. आईला नव्हती. ती घरात राहते, मग तिला कशाला बोलवायचं, असं मला वाटलं असेल का? की मलाही आतून माहीत होतं आणि मी सोयीनं बघितलं नाही? दुसरंच खरं असावं. ज्या मुलीनं तीन आठवडे धान्याच्या पोताचा विचार केला, तिनं हा विचार केला नव्हता.

सोमवारी लंचमध्ये मैत्रिणीला सगळं सांगितलं. ती कोल्हापूरकडची. ती म्हणाली, “आमच्या जिल्ह्यातल्या हेरवाडनं २०२२ मध्ये ठराव केला की विधवा प्रथा बंद. गावानं केला, ग्रामपंचायतीनं. मग सरकारनंही बाकीच्या गावांना तसं करा म्हणून परिपत्रक काढलं. आणि तू कोथरूडमध्ये बसून कसलं टेन्शन घेतेस?”

तिचं बरोबर होतं. पण परिपत्रक गावाला निघतं, सासूबाईंना नाही. त्यांना फोनच करावा लागतो.

त्या रात्री फोन केला. आधी गुडघ्याची चौकशी केली, मग उन्हाची, मग कैरीच्या भावाची. शेवटी म्हटलं, “अहो आई, रविवारी आई घरीच असणार आहे. आपल्याबरोबर जेवायला.”

पलीकडे शांतता.

“मी कुठे त्यांना जा म्हटलं?” त्या म्हणाल्या.

“कुणीच म्हटलं नाही. ती आपणहून निघालीये. त्याचंच वाईट वाटतंय.”

परत शांतता. पंख्याची घरघर ऐकू येत होती. मला एकदम तेच वाक्य आठवलं. म्हटलं, “तुम्हीच म्हणालात ना, वार बदल, वेळ बदल, मेन्यू बदल. गौरीला सगळं चालतं. मग ताटात चालतं तर पंगतीत का नाही?”

उत्तर यायला इतका वेळ लागला की फोन कट झाला की काय, म्हणून मी स्क्रीन बघितली. मग अहो आई सावकाश म्हणाल्या, “मग आत्याबाईंनाही बोलाव.”

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची आत्या. वय ८४. “गेली वीस वर्षं त्यांना डबा पाठवतेय मी डाळीचा,” अहो आई म्हणाल्या. “दरवर्षी त्या फोन करून सांगतात, मीठ बरोबर होतं. दर वर्षी मला वाटतं की...” पुढचं त्यांनी सांगितलं नाही. “गाडी पाठव त्यांना. रिक्षानं नको.”

सगळ्यात अवघड होती ती माझी आईच. “लोकांना कशाला कोड्यात टाकायचं?” ती म्हणाली. “कुणी काही बोललं तर तुलाच वाईट वाटेल.” मी खूप मुद्दे मांडले. हेरवाड सांगितलं, परिपत्रक सांगितलं. ती भाजी निवडत राहिली. शेवटी वैतागून म्हटलं, “एक किलो ज्वारी शिजवायची आहे. मी तीन शिट्ट्या देईन हं.”

तिनं वर बघितलं. “देशील खरंच,” ती म्हणाली. आणि मावशीला फोन करून, येत नाही म्हणून सांगितलं.

रविवार

शनिवारी रात्री आईनं पोत्यातून ज्वारी काढली. मापानं नाही, परातीनं. पोतं बरंच खाली बसलं. तिनं मूठभर दाणे तळहातावर घेतले, ट्यूबलाइटखाली धरले आणि काही न बोलता भिजत घातले. मी पन्ह्यासाठी कैऱ्या उकडत होते, तिकडेच बघत राहिले.

सकाळी सहाला दोन घाण्यांत ज्वारी शिजली. पसरून गार केली, चव लावून फ्रीजमध्ये गेली, कारण अशा उन्हात शिजलेलं धान्य आणि ओलं खोबरं बाहेर ठेवून चालत नाही. खोबरं आणि काकडी पाहुण्या आल्यावरच मिसळायची ठरलं. साडेअकराला गौर सजली. झोपाळ्याभोवती मोगरा, पुढे कलिंगडाचं कमळ. कमळ नवऱ्यानं केलं होतं, त्यामुळे ते जरा फुलकोबीसारखं दिसत होतं. पण नैवेद्याच्या ताटात आंब्याच्या डाळीशेजारी ज्वारीचं सॅलड मस्त शोभत होतं.

पाहुण्या आल्या. सगळं गोड गोड झालं असं मी सांगणार नाही. आमच्याच बिल्डिंगमधल्या एक काकू आईला पन्ह्याचे ग्लास देताना बघून जरा थबकल्या, माझ्याकडे बघितलं, पन्हं घेतलं आणि “अगं, गॅस चालू राहिलाय वाटतं” म्हणून गेल्या त्या परत आल्याच नाहीत. आईनं बघितलं. मीही बघितलं. आम्ही दोघी चमचे मोजायला लागलो.

अहो आई गुडघ्यामुळे खुर्चीत बसून प्रत्येकीला हळदीकुंकू लावत होत्या. आई ट्रे घेऊन त्यांच्या समोरून निघाली तेव्हा त्या म्हणाल्या, “थांबा ताई.” हॉलमधली कुजबुज एकदम कमी झाली. अहो आईंनी हळदीचं बोट उचललं, आईच्या कपाळाला लावलं आणि दुसरं बोट कुंकवाच्या कोयरीपाशी नेऊन थांबल्या. विचारल्यासारखं बघितलं.

“हळद पुरे,” आई म्हणाली. “कुंकवाचं मलाच अजून नको वाटतं.”

“बरं,” अहो आई म्हणाल्या. आईच्या हातावर चंदन लावलं, शिंपल्यानं रेघा ओढल्या आणि ओंजळभर हरभरे तिच्या पदरात घातले. “बसा आता. पोरींना वाढू दे.”

आई बसली. आत्याबाईंच्या शेजारी. सोलापूर सोडल्यापासून पंगतीत बसून जेवताना मी तिला पहिल्यांदाच बघत होते.

आत्याबाईंच्या ताटात मी सॅलड वाढलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं. “हे काय गं?”

“ज्वारीचं सॅलड, आत्याबाई. हेल्दी असतं.”

त्यांनी एक घास घेतला, डोळे मिटून चावला. कवळी असल्यामुळे मी श्वास रोखून होते. मग त्या म्हणाल्या, “सॅलड कसलं? घुगऱ्या आहेत या! कैरी घातलेल्या घुगऱ्या. तुझ्या नवऱ्याच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी, मला शिकवू नकोस.” सगळा हॉल हसला. त्या आईकडे वळल्या. “मीठ बरोबर आहे हो. कुणी केलं?”

“मी,” आई म्हणाली. आणि मग ज्वारी किती वेळ भिजवायची हे त्यांना समजावून सांगायला लागली. आत्याबाईंना ते अर्थातच माहीत होतं. तरी त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

तीनपर्यंत पातेलं रिकामं झालं. कुणीही हॉलमध्ये आडवं झालं नाही. तीन जणींनी रेसिपी मागितली. मी आईकडे बोट दाखवलं.

सगळे गेल्यावर ओटा आवरताना आईनं एक छोटी वाटी काढली. तळाशी उरलेलं सॅलड त्यात भरलं, वर ताटली झाकली आणि माझ्या हातात दिली.

“आता ही कुणाला?”

“त्या गॅसवाल्या बाईला. उपाशीच गेली बिचारी. देऊन ये.”

मी म्हटलं, आई, अगं काहीही काय? पण गेले. काकूंनी दारातच वाटी घेतली. दोघींनाही काय बोलावं कळेना, म्हणून आम्ही उन्हाबद्दल बोललो.

सोमवारी रात्री ऑफिसातून आले तर वाटी डायनिंग टेबलवर होती. परत कोण देऊन गेलं, कधी गेलं, काय बोललं, आईनं काही सांगितलं नाही. वाटी स्वच्छ घासलेली होती आणि आत चमचाभर साखर होती.

करून बघायचं असेल तर (चार-पाच जणांसाठी)

साहित्य: १ वाटी आख्खी ज्वारी, अर्धी वाटी उकडलेले हरभरे, १ मध्यम आंबट कैरी, २ काकड्या, पाव वाटी ओलं खोबरं, ३ चमचे दाण्याचं जाडसर कूट, मूठभर डाळिंबाचे दाणे, कोथिंबीर, अर्धं लिंबू, मीठ, चिमूटभर साखर. फोडणीला २ मोठे चमचे तेल, मोहरी, हिंग, हळद, २ सुक्या मिरच्या, कढीपत्ता.

कृती: ज्वारी निवडून, धुऊन रात्रभर (१० ते १२ तास) भिजवा. सकाळी पाणी बदलून ३ वाट्या पाणी आणि थोडं मीठ घालून कुकरमध्ये लावा. एक शिट्टी मोठ्या आचेवर, मग मंद आचेवर २५ ते ३० मिनिटं. वाफ जिरल्यावर एक दाणा खाऊन बघा. कडक वाटला तर आणखी दहा मिनिटं द्या. निथळून परातीत पसरा आणि कोमट असतानाच मीठ, साखर, लिंबू लावा. गार झाल्यावर किसलेली कैरी, हरभरे आणि पूर्ण गार केलेली फोडणी मिसळून फ्रीजमध्ये ठेवा. कैरी किती आंबट आहे ते आधी चाखा आणि त्याप्रमाणे लिंबू कमी-जास्त करा. वाढायच्या वेळी काकडी, खोबरं, कूट, डाळिंब आणि कोथिंबीर घाला. नैवेद्य नसेल तर बारीक चिरलेला कांदाही छान लागतो. उरलं तर दुसऱ्या दिवशी डब्याला न्या, पण खोबरं घातलेलं असेल तर उन्हाळ्यात फार वेळ बाहेर ठेवू नका.